बाईंचं बोट लागल्याशिवाय

आमच्या धंद्यात किस्से फार लवकर साठतात, कारण चूक होते आमच्या ऑफिसात आणि उघडी पडते कुणाच्या तरी दुकानात, स्वयंपाकघरात नाहीतर साखरपुड्यात. तिथून ती फोनवरून परत आमच्याकडे येईपर्यंत तिचा किस्सा झालेला असतो. मी नऊ वर्षं वेबसाइट बनवते. "म्हणजे नक्की काय करतेस गं?" असं कुणी विचारलं की काम समजावून काही उपयोग होत नाही, मग मी किस्सेच सांगते. आणि माझे बहुतेक किस्से फिरून फिरून सावंतबाईंपाशी येतात, त्याला माझा इलाज नाही.

आमचं ऑफिस दादरच्या हिंदमाताला, साड्यांच्या एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. मालक प्रधानसर. बँकेतून रिटायर झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात, ह्यांनी कंपनी काढली. कोड लिहायला मी आणि विन्या. विन्या डिलाईल रोडचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला फार लहानपणी कळलेलं. चौथ्या सावंतबाई. वय चौपन्न, राहायला लालबागला, मूळच्या मालवणकडच्या. पूर्वी एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. वीस-बावीस वर्षं बोर्डावर बसल्या. मग कंपनीने 'अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा' असं बोलणारं मशीन आणलं आणि बाईंना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. श्रीफळ त्यांनी सोलकढीत घातलं. शाल अजून पिशवीतच आहे.

सरांनी त्यांना ठेवलं ते गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला. तक्रार आली की बाई ती रजिस्टरमध्ये शब्द न शब्द उतरवायच्या आणि तक्रारीतलं बटण स्वतः दाबून बघायच्या. हळूहळू रिवाजच पडला. बाईंचं बोट लागल्याशिवाय कुठलंही पान ऑफिसबाहेर जायचं नाही. आम्ही "झालं" म्हटलं की सर एवढंच विचारायचे, "बोट लागलं?"

मागच्या वर्षी सरांचा मुलगा अमेय बंगळूरची नोकरी सोडून परत आला. दिवाळीपासून कंपनी तो बघणार असं ठरलं. मुलगा चांगला आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. पण पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "बटणं दाबायला माणूस कशाला? हे आता सगळीकडे मशीन करतं." सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ, मग ठरव." पार्टिशनच्या पलीकडे बसलेल्या बाईंनी ते ऐकलं. मला म्हणाल्या, "दुसऱ्यांदा मशीनच येताहा गो माझ्या वाटेक." आणि फोन उचलला.

मग मी बाईंचं वकीलपत्र घेतलं. रोज जेवताना अमेयला बाईंचा एकेक किस्सा ऐकवायचा, असा माझा बेत.

* * *

पहिला किस्सा वधूवर मंडळाचा.

दादरच्या एका ज्ञातिमंडळाचं पान आम्ही केलं होतं. स्थळं आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावलेली. आधी वीस दिसायची, खाली सरकवलं की पुढची वीस यायची. प्रत्येकापुढे 'पसंत' असं बटण. महिन्याभराने चिटणीसांचा फोन आला. "पान उत्तम झालंय. पण ह्या वर्षी मागणी सगळी अधिकारी आणि कर्णिकांनाच आहे. वैद्य, सबनीस ह्यांना कुणी विचारत नाही."

मंडळात ह्यावर दोन बैठका झाल्या. आजकालच्या मुलींच्या अपेक्षांवर भाषणं झाली. वैद्यांच्या एका मुलाने नवा ब्लेझर शिवून फोटो बदलला. एक सबनीसबाई तर आमच्या बाईंना फोनवर रोज सांगायच्या, "मुलगा शिकलेला आहे हो, शीवला स्वतःचा ब्लॉक आहे, शिवाय पोहता येतं."

बाईंनी एक दिवस रजिस्टर आमच्यापुढे आपटलं. "तक्रारवाले सगळे यादीच्या शेपटाकडचे. वरच्या विसातला एक पण नाही. आता पोरांचे फोटो बघू नका, तुमचं काम बघा."

बघितलं. पान उघडताना आम्ही प्रत्येक बटणाला एक कान लावतो. बोट टेकलं की तो कान ऐकतो आणि पुढचं काम होतं. आम्ही कान लावले होते ते त्या वेळी हजर असलेल्या वीस बटणांना. नंतर आलेल्या बटणांना कान लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिसायला बटणं तीच, पण ठार बहिरी. मुली बिचाऱ्या सबनिसांना पसंत करत होत्या आणि ते पोचतच नव्हतं.

दुरुस्त केल्यावर पंधरा दिवसांनी सबनीसबाईंचा परत फोन. "सावंतबाई, फार स्थळं येतायत. पहिल्यासारखं थोडे दिवस बंद ठेवता येईल का?"

अमेय मनापासून हसला. मग म्हणाला, "पण हे मशीनने पहिल्याच दिवशी पकडलं असतं." ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

* * *

दुसरा किस्सा त्या दुरुस्तीचाच.

नव्या बटणांना कान नाहीत ना, मग विन्याने सोपा उपाय काढला. यादी बदलली की यादीतल्या यच्चयावत बटणांना कान लावायचे. जुन्यांना आधीचे आहेत की नाहीत, हे बघत कोण बसतो! हाच उपाय त्याने गिरगावातल्या एका खानावळीच्या पानाला वापरला. तिथे आजचे पदार्थ असायचे. एखादा संपला किंवा नवा आला की यादी बदलायची. म्हणजे जुन्या बटणाला दुसरा कान, मग तिसरा, मग चौथा.

एका बुधवारी दुपारी एक वाजेपर्यंत यादी सहा वेळा बदलली होती. ठाकुरद्वारच्या एका गृहस्थांनी सुरमईच्या थाळीपुढचं बटण एकदा दाबलं. सात कानांनी ते ऐकलं. स्वयंपाकघरात सात थाळ्यांची ऑर्डर पोचली आणि खानावळीच्या वहिनींनी, कुणाकडे तरी पाहुणे आलेले दिसतात, असं म्हणून सात थाळ्या पाठवल्यासुद्धा.

माफी मागायला बाईंनीच फोन लावला. आम्ही दोघं मान खाली घालून बाजूला उभे. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "अहो, मी एकटाच राहतो. सात थाळ्या बघून मजल्यावरच्या सगळ्यांना हाक मारली. कित्येक वर्षांनी आमच्या गॅलरीत पंगत बसली." मग त्यांनी विचारलं, "पुढच्या बुधवारी परत चुकाल का?"

अमेय म्हणाला, "हेही मशीन पकडेल."

* * *

तिसरा किस्सा मला त्याला सांगावा लागला नाही, त्यानेच विचारला. आमचा कोड वाचताना एक दिवस तो मान वर करून म्हणाला, "प्रत्येक पानात हे 'सावंत' काय आहे?"

त्याचं असं झालं. सुरमईच्या पंगतीनंतर विन्या फळ्यापुढे उभा राहिला. आधी सगळे जुने कान काढायचे, मग मोजायचे, मग नवे लावायचे, असल्या बाणांनी त्याने फळा भरून टाकला. बाई डबा खात बसल्या होत्या. बांगड्याचं तिखलं होतं. काटा काढता काढता त्यांनी विचारलं, "रे विन्या, एकेका बटणाला कान कशाला हवाय?"

"मग ऐकणार कोण, बाई?"

"आमच्या कंपनीत तीनशे टेबलं होती. तीनशे ऑपरेटर नव्हत्या ठेवल्या. मी एकटी होते. कुणी पण फोन उचलला की दिवा माझ्याच बोर्डावर लागायचा. कुणाचा दिवा आहे ते बघायचं आणि जोडून द्यायचं. नवा साहेब आला, टेबल वाढलं, तरी बोर्ड तोच आणि बाई तीच."

विन्याचा हात फळ्यावर तसाच राहिला. आत येणारी-जाणारी बटणं सोडून द्यायची आणि एकच कान बाहेरच्या चौकटीला लावायचा. चौकट कधी बदलत नाही. आत कुठेही बोट टेकलं की चौकटीला कळतं, कुठल्या बटणावर टेकलं तेही कळतं. आलेलं बटण जुनं असो की आत्ता जन्मलेलं.

"बाई," विन्या सावकाश म्हणाला, "हे पुस्तकात दिलंय. मी परीक्षेला लिहिलंय हे."

"असेल की. पुस्तकवाले पण कधीतरी बोर्डावर बसले असतील."

फळा पुसून विन्याने कोड नव्याने लिहिला आणि त्या कानाला नाव दिलं 'सावंत'. तेव्हापासून आमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पानात ते आहे. आमचं कुठलंही पान कुणीही उघडलं, दुबईत का असेना, की आधी सावंत जागेवर येऊन बसते आणि मग बाकीचं पान उघडतं. मला ह्याचा इतका अभिमान आहे की मी तो घरीदारी मिरवते. माझ्या सासूबाईंनासुद्धा हे पाठ आहे.

अमेयने पान खाली सरकवून 'सावंत' असलेल्या ओळी एकेक करून वाचल्या. "नाव काढणार नाही मी," तो म्हणाला. "बाई हुशार आहेत. प्रश्न तो नाहीच आहे, केतकी."

* * *

चौथा किस्सा सांगून मी चूक केली.

खालच्याच दुकानाचं पान होतं. साड्यांचे फोटो, समोर 'घेतली' बटण, विकली की साडी यादीतून गायब. आता कान चौकटीला होता, सगळं नीट होतं. फक्त मी एक गाढवपणा केला होता. साडी कुठली हे लक्षात ठेवायच्या ऐवजी जागा कितवी हे लक्षात ठेवलं होतं. बाईंचं बोट लागलं, पास झालं, पान सुरू झालं.

शीव कोळीवाड्याच्या एका आईने मुलीच्या साखरपुड्यासाठी तिसऱ्या जागेवरची बाटली हिरवी निवडली. त्या निवडत असताना वरची एक साडी कुणी तरी घेऊन टाकली, खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकल्या आणि ह्यांच्या घरी पोचली जांभळी. साखरपुडा दुसऱ्याच दिवशी. बाई अर्धा तास फोनवर त्यांची समजूत घालत होत्या. शेवटी मुलगी जांभळी नेसली. आठवड्याने आईंचा फोन आला. "व्याह्यांकडे सगळ्यांना साडी फार आवडली. धाकटीच्या वेळी मी निवडणारच नाही, तुमच्या कॉम्प्युटरलाच निवडू दे."

आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं. तक्रारदार: सावंत. तक्रार: मी एकटीने दाबून बघितलं. दुसरं कोणी दाबत असताना दाबून बघितलं नाही. त्या दिवसापासून पान तपासताना त्या आम्हाला दोघांना दोन मोबाइल देऊन समोर बसवतात आणि म्हणतात, "दाबा. मी दाबतेय तिकडे बघू नका."

मला वाटलं होतं, ही नोंद ऐकून अमेय विरघळेल. तो म्हणाला, "म्हणजे बाईंकडूनही सुटतं."

मी डब्याला झाकण लावलं.

* * *

गणपती झाल्यावर अमेयचं मशीन आलं. मशीन म्हणजे एक प्रोग्रॅम. पडद्यावर बटणं आपोआप दाबली जात, यादी वरखाली पळे आणि शेवटी सगळीकडे हिरव्या खुणा उमटत. बाईंना ज्याला दोन दिवस लागायचे ते त्याने चहा निवायच्या आत केलं. वर आमच्या जुन्या पानांतल्या दोन चुकाही काढल्या. बाईंच्या बोटातून सुटलेल्या.

बाई उठून त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा लावून सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "चांगलं काम करतो हा." ते त्यांनी मनापासून म्हटलं. जागेवर येऊन त्यांनी खण आवरायला घेतला. जुनी पेनं, अमृतांजनची डबी, एक तुटका कंगवा. मला तिथे बसवेना, मी जिन्यात जाऊन उभी राहिले. विन्या माझ्या मागोमाग आला आणि आम्ही दोघं खालच्या दुकानातल्या साड्या बघत राहिलो.

* * *

आता हा शेवटचा.

परळला एक धर्मशाळा आहे. इलाजासाठी गावाहून आलेली माणसं तिथे उतरतात. जागा कमी, माणसं फार, त्यामुळे खोली मिळेपर्यंत कित्येकांचा मुक्काम फुटपाथवर. तिथल्या विश्वस्तांना दाराशी एक मोठा टच स्क्रीन लावायचा होता. रिकाम्या खोल्यांची यादी, ती सेकंदासेकंदाला ताजी होणार, आणि प्रत्येक खोलीपुढे 'हवी' असं बटण. ज्याने आधी दाबलं त्याची खोली. वशिला नाही, चिठ्ठी नाही. अमेयने हे काम स्वतःच्या हाताने केलं आणि झटून केलं. कान चौकटीलाच लावला होता, 'सावंत' नावासकट.

मशीनने ते पान हजारदा दाबलं. सगळं हिरवं. रिवाज म्हणून बाईंनीही दाबलं आणि म्हणाल्या, "अमेय, कधी लागतंय, कधी लागत नाही."

अमेयने दाबलं, लागलं. मी दाबलं, लागलं. विन्याने तर दोन्ही हातांनी दाबलं. परत बाईंनी दाबलं, नाही लागलं.

"बाई," अमेय शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला, "तुमचं बोट थोडं सावकाश पडतं."

"माझंच चुकत असेल," बाई म्हणाल्या. सात वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही.

दिवाळीला पाच दिवस राहिले होते. स्क्रीन लावायला अमेय आणि मी परळला गेलो. बाईंनाही बरोबर घेतलं, सरांनीच तसं सांगितलं होतं. सकाळी अकराचा सुमार. स्क्रीन सुरू झाला आणि पाच मिनिटांत एक गृहस्थ पुढे आले. बुलढाण्याकडचे. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी. बायको मागे पायरीवर गाठोड्याला टेकून बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. अमेयने त्यांना बटण दाखवलं.

त्यांनी आंगठा टेकवला आणि दाबून धरला. रेशनच्या दुकानात मशीनवर धरतात तसा, दिवा लागेपर्यंत. मग उचलला. काही झालं नाही. परत धरला. नाही. तिसऱ्यांदा आंगठा धोतराला पुसून, फुंकर मारून धरला. नाही.

"राहू द्या, साहेब," ते अमेयला म्हणाले. चूक त्यांचीच असल्यासारखा चेहरा झाला होता. "रेशनच्या मशिनीवर बी असंच होते. माहा आंगठा उठत नाही. कामानं घासून गेला." आणि वळून बायकोला म्हणाले, "चाल वं."

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "थांबा. आंगठा चांगला आहे तुमचा. आमचं काम चुकलंय." मग अमेयकडे वळल्या. "ह्यांचं पण सावकाश पडतंय, अमेय."

अमेयने त्यांना आणखी एकदा दाबायला सांगितलं आणि स्वतः स्क्रीनजवळ वाकून बघत राहिला. आंगठा टेकला. तेवढ्यात यादी ताजी झाली, जुनी ओळ जाऊन तिथे नवी आली, दिसायला हुबेहूब तीच. आंगठा उचलला तो ह्या नव्या ओळीवरून. टेकला एका बटणावर, उठला दुसऱ्यावरून, म्हणून कान म्हणत होता की कुणी दाबलंच नाही. आमची बोटं टेकून लगेच उठत होती आणि मशीन तर आमच्याहून चपळ. आम्हा कुणाला ते कधी दिसणारच नव्हतं.

अमेय तिथेच फरशीवर मांडी घालून बसला आणि लॅपटॉप उघडला. बाईंनी आतून खुर्ची आणून त्या माउलीला बसवलं, गाव विचारलं, किती दिवस झाले विचारलं. चार दिवस झाले होते. वीसेक मिनिटांनी अमेय म्हणाला, "काका, दाबा." आता कान बोट उचलायची वाट बघत नव्हता, टेकल्याबरोबर ऐकत होता. काकांनी आंगठा धरला. 'खोली बारा तुमची' अशी अक्षरं आली तरी त्यांनी तो बराच वेळ उचलला नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते लपवायला मी पिशवीत उगाच काहीतरी शोधलं.

काकांना वाटलं, ह्या सगळ्या कारभाराच्या मुख्य बाईच आहेत. त्यांनी गाठोडं उचललं, बाईंपुढे हात जोडले आणि विचारलं, "दिवाळीनंतर परत या लागते इलाजाले. तवा काही अडलं त तुम्ही असान ना, बाई?"

फोनवर समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देणाऱ्या आमच्या बाई. त्या खाली फरशीकडे बघत राहिल्या.

"असतील," अमेय म्हणाला.